रहदारीत तापणारी जुनी बुलेट

मोटारसायकलला मराठीने ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. नाव देणाऱ्याचा कान चांगला असला पाहिजे; कारण या यंत्राची प्रकृती पुष्कळ अंशी आवाजावरूनच ओळखता येते. जुन्या बुलेटचे मालक तर गल्लीच्या तोंडाशी आलेली गाडी आपली की परक्याची, हे घरात बसून सांगतात. असा मालक उन्हाळ्याच्या दिवसांत एका तक्रारीने मात्र हटकून त्रस्त होतो. मोकळ्या रस्त्यावर तासन् तास बिनबोभाट धावणारी त्याची गाडी शहरातील गर्दीत सापडली, की थोड्याच वेळात तापते, तिचा जोर मंदावतो आणि कित्येकदा नेमक्या चौकातच ती बंद पडते. पाठीमागून भोंगे वाजू लागतात, किक मारून पाय भरून येतो आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री सांगतो, “साहेब, इंजिन खोलावं लागेल.”

हा सल्ला क्वचित योग्य असतो; पण पुष्कळदा तो घाईचा असतो. इंजिन खोलून, सिलिंडर रिबोअर करून, नवा पिस्टन बसवून आणलेली गाडी महिनाभरात पुन्हा त्याच चौकात तापलेली पाहावी लागते, कारण मूळ दोष इंजिनाच्या पोटात नसून बाहेरच कोठे तरी राहून गेलेला असतो. तो शोधायचा तर प्रथम हे यंत्र थंड कसे राहते ते समजून घेतले पाहिजे.

येथे जी गाडी डोळ्यांपुढे ठेवली आहे ती बिडाच्या सिलिंडरची ३५० सी.सी. बुलेट. इंग्लंडमधील रेडिच गावचा हा नमुना. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाल्यावर तो तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. आरंभी विलायतेहून आलेले भाग तेथे जुळविले जात. पुढे सारे भाग येथेच होऊ लागले. मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास नाहीशी झाली, तरी मद्रासची बुलेट जवळजवळ त्याच अंतर्रचनेने २०१० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. एकच सिलिंडर आणि तोही वाऱ्याने थंड होणारा. आपल्या सैन्याने ही गाडी पसंत केली ती सरहद्दीवरील गस्तीसाठी. सरहद्दीवर वाटा खडतर असतात, पण तेथे दर फर्लांगावर लाल दिवा नसतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे तिच्या आजच्या तक्रारीचे अर्धे कारण कळते.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी ढोबळ मानाने पाव हिस्साच चाक फिरविण्याच्या कामी येतो. साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो. उरलेली उष्णता सिलिंडर, त्यावरील हेड आणि आतील तेल यांना सोसावी लागते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते त्या क्षणी ज्वालेचे तापमान २,००० अंश सेंटिग्रेडच्याही वर जाते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. असे असूनही पिस्टन टिकतो, कारण त्याला लागलेली उष्णता रिंगांतून सिलिंडरच्या भिंतीत, भिंतीतून बाहेरच्या आडव्या पात्यांत आणि तेथून हवेत अखंड वाहून नेली जात असते. या पात्यांना मिस्त्री ‘फिन’ म्हणतात. त्यांचे काम हवेला अधिकात अधिक पृष्ठभाग देणे एवढेच. हवा हलविणे त्यांच्या हाती नाही. ती हलते गाडी पुढे जाते म्हणून. गाडी थांबली, की फिनांभोवतीची हवा तापून सावकाश वर चढते, तेवढाच काय तो वारा. जुन्या व्हेस्पा आणि लँब्रेटा स्कूटरींच्या इंजिनावर फ्लायव्हीलला जोडलेला पंखा असे. त्यामुळे त्या चौकातही स्वतःवर वारा घालून घेत. बुलेटला ती सोय नाही.

यावरून चौकात उभ्या राहिलेल्या बुलेटने तापलेच पाहिजे असा समज होतो. तो अपुरा आहे. इंजिन नुसते मंद गतीने चालत असते तेव्हा पेट्रोलही फार थोडे जळते. म्हणजे हवा कमी मिळते त्याच वेळी काढून टाकावयाची उष्णताही कमी असते. निरोगी बुलेट मे महिन्यातील नागपुरात किंवा दिल्लीतही काही मिनिटांचा खोळंबा सहन करते. पायाला झळ लागते, तेलाचा वास येतो. पण ती बंद पडत नाही. बंद पडत असेल तर काही तरी दोष आधीपासून होता, तो मोकळ्या रस्त्यावरील वाऱ्याने झाकला गेला होता आणि गर्दीने उघडा पाडला असे समजावे.

गाडी खरोखरच प्रमाणाबाहेर तापली आहे की नाही हे ठरविण्यासाठी काही लोक फिनांवर पाण्याचा थेंब टाकतात आणि तो चुरचुरला की घाबरतात. या परीक्षेत अर्थ नाही. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे हेड प्रकृती ठीक असतानाही शंभर अंशांच्या पुष्कळ वर असते, थेंब चुरचुरणारच. खरी लक्षणे निराळी. ॲक्सिलरेटर पिळताच आतून पितळी भांड्यावर खडे पडावेत तसा टिणटिण आवाज येणे. मूठ पिळूनही जोर न येणे. किल्ली बंद केल्यावरही इंजिनाने दोन-चार ठोके आपणहून टाकणे. आणि सर्वांत गंभीर म्हणजे कोणी ब्रेक दाबल्यासारखी गाडी ओढली जाणे. हे शेवटचे लक्षण दिसले, की तत्क्षणी क्लच दाबून गाडी बाजूला घ्यावी. पिस्टन सिलिंडरमध्ये धरू लागला आहे, असा त्याचा अर्थ असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुपटीने प्रसरण पावते. ७० मिलिमीटरचा पिस्टन २०० अंशांनी अधिक तापला, तर त्याचा व्यास पाव मिलिमीटरहून अधिक वाढतो. बिडाचा सिलिंडर त्या मानाने थोडाच रुंदावतो, आणि मधली फट संपते. पिस्टन अडकला की मागचे चाकही अडकते. मागून बस येत असताना चाक अडकणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणूनच तापणाऱ्या गाडीवर ‘चालते आहे तोवर चालू द्या’ हा न्याय लावणे धोक्याचे आहे.

गाडी गरम असताना बंद पडली म्हणजे ती तापल्यामुळेच बंद पडली, असेही नाही. येथे फार घोटाळा होतो. ठिणगीच्या मंडलात कंडेन्सर नावाची एक लहानशी डबी असते. ती जुनी झाली, की थंडपणी काम देते आणि गरम झाल्यावर दगा देते. गाडी थांबते, अर्ध्या तासाने मुकाट्याने सुरू होते आणि मालक इंजिनाला दोष देत राहतो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले तरी असाच प्रकार घडतो. यासाठी गाडी बंद पडताच, ती थंड होण्याची वाट न पाहता, तीन गोष्टी पाहाव्यात. टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा आवाज होऊन नंतर गाडी सुरू झाली, तर छिद्र साफ केले की काम झाले. फडक्याने धरून प्लग काढावा, त्याला टोपी लावून तो हेडला टेकवून किक मारावी. मात्र भोवती पेट्रोल सांडलेले नसावे आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा. ठिणगी पिवळट, मरतुकडी दिसली तर कंडेन्सर किंवा कॉइल संशयित. प्लग परत बसवून किक हलकेच दाबून पाहावी. नेहमीचा दाब जाणवला नाही, तर झडप पुरी मिटत नाही. किक दगडासारखी घट्ट लागली, तर मात्र जोर न करता गाडी निवू द्यावी. चौकात पाच मिनिटांत केलेल्या या पाहणीची किंमत दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये केलेल्या तर्कांपेक्षा अधिक असते, कारण रोग त्या वेळी अंगात असतो.

आता खऱ्या तापण्याकडे वळू या. त्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे पेट्रोलाच्या मानाने हवा जास्त होणे. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. बुलेटसारख्या इंजिनाला याहून थोडे ‘जाड’ मिश्रण, म्हणजे पेट्रोल किंचित अधिक असलेले मिश्रण मानवते. ते ‘पातळ’ झाले की सावकाश जळते, आणि झडपा व हेड यांना त्याचा ताप अधिक वेळ लागतो. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलाचे मार्ग निरनिराळे असतात. मूठ बरीच पिळलेली असते तेव्हा पेट्रोल मोठ्या जेटमधून येते. मूठ जवळजवळ मिटलेली असते तेव्हा पायलट जेट नावाच्या, केसाएवढे छिद्र असलेल्या लहान जेटमधून. गर्दीतील सारा प्रवास या लहान जेटच्या जिवावर चालतो. ते अर्धवट बुजले असेल, तर महामार्गावर गाडी वाऱ्यासारखी जाते आणि शहरात शिरताच तापते. रस्ता तोच, गाडी तीच. केवळ पेट्रोल येण्याचा मार्ग बदलला आहे, हे मालकाच्या लक्षात येत नाही.

पातळ मिश्रणाची चाचणी सोपी आहे. गरम इंजिन मंद गतीने चालू असताना चोक किंचित लावावा. निरोगी इंजिन त्याने गुदमरते. ते उलट सुधारले आणि ठोके सुरळीत पडू लागले, तर त्याला पेट्रोल कमी पडत होते हे निश्चित. मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फाट-फाट आवाज होणे, किंवा इंजिनाची गती लगेच खाली न येता रेंगाळणे, हीही त्याचीच चिन्हे. अशा वेळी पायलट जेट काढून पेट्रोलात धुवावे आणि हवेच्या झोताने साफ करावे; त्यात तार घालू नये, कारण छिद्र रुंदावले की ते पूर्ववत करता येत नाही. त्यानंतर कार्बुरेटर आणि हेड यांमधील जोड पाहावा. नट अति आवळल्याने कार्बुरेटरचे तोंड वाकते आणि त्या फटीतून चोरून हवा आत शिरते. चालू इंजिनाच्या त्या जोडावर तेलाचे दोन थेंब सोडावेत. ते आत ओढले जाऊन ठोक्यांची लय बदलली, की चोर सापडला. या परीक्षेसाठी पेट्रोल वापरणारे महाभाग आढळतात. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडणे हा तपास नव्हे, आगीला दिलेले आमंत्रण आहे.

अलीकडे या कारणात नवी भर पडली आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. उसाच्या पट्ट्यातील मंडळींना ही बातमी गोड वाटली असेल. जुन्या कार्बुरेटरला ती तितकीशी मानवत नाही. इथेनॉलच्या अंगी स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे अशा पेट्रोलाच्या एका भागास १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भागच हवा पुरते. नव्या गाड्यांतील यंत्रणा हे ओळखून पेट्रोल आपोआप वाढविते. जुन्या कार्बुरेटरला ओळखण्याचे इंद्रिय नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देतो, आणि मिश्रण पातळ होते. पूर्वी काठावर असलेली गाडी यामुळे काठाबाहेर जाते. कार्बुरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली बसवून सुई उचलणे आणि पायलट जेट एक आकडा मोठे घेणे, एवढ्याने पुष्कळदा काम भागते. पण हा बदल इतर दोष दूर केल्यानंतर करावा. फट तशीच ठेवून जेट मोठे करणे म्हणजे गळक्या हौदाला मोठा नळ लावणे होय. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते आणि हवेतील पाणी शोषून घेते, तेव्हा पेट्रोलची नळीही त्याच बैठकीत पाहून घ्यावी.

दुसरे कारण ठिणगीच्या वेळेचे. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी थोडी आधी ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण पेटून दाब वाढण्यास क्षणभर अवधी लागतो. ती उशिरा पडली तर पिस्टन खाली जाऊ लागल्यावरही जळणे चालूच राहते, सिलिंडरची अधिक भिंत भाजून निघते आणि धगधगता धूर सायलेन्सरच्या पाइपात शिरतो. हेडजवळचा पाइप निळा-जांभळा पडला असेल, तर या दोषाचाही संशय घ्यावा. ठिणगी उशिरा पडू लागते ती बहुधा झिजेने. पॉइंट उघडणारी फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, पॉइंटांमधील अंतर कमी होते आणि ते उशिरा उघडतात. हे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे. पट्टीने मोजण्यास दहा मिनिटे पुरतात. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन लहान वजने आणि स्प्रिंगा असतात. इंजिनाची गती वाढली की ही वजने बाहेर फेकली जाऊन ठिणगी आपोआप लवकर पडते. गंज चढून ती अडकली तर ठिणगी कायम उशिराची राहते. इंजिन बंद करून कॅम बोटांनी फिरवून सोडावा. तो स्प्रिंगेच्या ओढीने चटकन परतला पाहिजे. न परतल्यास साफसफाई आणि तेलाचा एक थेंब, एवढाच उपाय.

टॅपेटांविषयी मिस्त्री लोकांत एक हौस दिसते. आवाज नको म्हणून ते टॅपेट घट्ट करून देतात. गाडी शिवणयंत्रासारखी चालते आणि मालक खूश होतो. पण एक्झॉस्टची झडप आपली उष्णता देते ती बैठकीला चिकटून राहते त्या अल्प वेळात. टॅपेट घट्ट असले तर ती पुरी बसत नाही, थंड होत नाही आणि कडेला जळते. नियम असा की थंड इंजिनावर, पिस्टन वर आणि दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा. मात्र वरखाली हलू नये. थोडी खटखट परवडते, जळलेली झडप परवडत नाही.

तेलाची पातळी पाहणे हे खरे तर पहिले काम. ते कोणालाही ठाऊक असते, म्हणून कोणी करीत नाही. बुलेटचे तेल केवळ वंगण नव्हे, उष्णतेचे वाहकही आहे. पातळी ठीक असली तरी ते फिरते आहे की नाही तेही पाहावे. इंजिन चालू असताना रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळीचा वरचा बोल्ट किंचित सैल केला, की तेल पाझरले पाहिजे. ते न आल्यास गाडी तेथेच बंद करावी. फिल्टर तुंबला असेल, पंप झिजला असेल, किंवा टायमिंग कव्हर उघडल्यावर आतील बुचाचे सील चुकीचे बसले असेल. ही गोष्ट मात्र जाणकाराच्या हाती सोपवावी. बाजारात ‘इंजिन थंड ठेवणारी’ म्हणून जी द्रव्ये मिळतात त्यांच्यावर पैसा घालण्यापेक्षा योग्य ग्रेडचे तेल वेळेवर बदलणे हिताचे.

बाहेरच्या काही बाबी तर इतक्या साध्या असतात, की त्या सुचत नाहीत. फिनांच्या सांदीत तेल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. त्यावर कोणी हौशी मालक चकचकीत रंगाचे दोन हात देतो. पुढच्या गार्डवर जाड पत्रे, बॅगा किंवा मोठे दिवे बांधून वाऱ्याची वाट अडविली जाते. ब्रेक घासत असेल, तर इंजिन दिवसभर अदृश्य चढ चढत असते. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे, आणि पुढचे चाक उचलून तेही तसेच पाहावे. ज्या गाडीचे नुकतेच रिबोअर झाले आहे तिचा पिस्टन अजून तंग असतो; तिने पहिले काही शे किलोमीटर गर्दी टाळावी हे उत्तम.

चालकाच्या सवयीचाही यात वाटा आहे. क्लच अर्धा दाबून, मूठ पिळून इंचाइंचाने सरकत राहणे ही सर्वांत वाईट चाल. त्यात पेट्रोल भरपूर जळते, वारा मिळत नाही आणि क्लचच्या प्लेटा वेगळ्या तापतात. पुढे दहा पावलांची जागा झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून जावे आणि पुन्हा न्यूट्रलमध्ये थांबावे. लांब थांबा असेल तर इंजिन बंद करावे. जुन्या बुलेटचे मालक हे टाळतात, कारण ॲमीटरचा काटा पाहून, डीकॉम्प्रेसर दाबून, पुन्हा किक मारण्याचा सोपस्कार भर चौकात नकोसा वाटतो. पण सुस्थितीतील बुलेट गरम असताना पहिल्या-दुसऱ्या किकेला सुरू होते. ती होत नसेल तर तीही तपासाचीच बाब आहे. तापलेल्या इंजिनावर पाणी मात्र कधीही ओतू नये. एकाच बाजूने एकाएकी थंड झालेले बीड तडकू शकते, सिलिंडर वाकडाही होऊ शकतो. सावलीत उभी करून अर्धा तास थांबणे याला पर्याय नाही.

दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, याची साक्ष प्लग देतो. शहरातून नेहमीच्या रस्त्याने अर्धा तास फिरून यावे, इंजिन बंद करून निवू द्यावे आणि प्लग काढून पाहावा. चिनी मातीचा भाग खडूसारखा पांढरा, त्यावर बारीक फोड किंवा चकचकीत कण दिसले तर ताप अजून उतरलेला नाही. काळा आणि काजळी धरलेला असेल तर उपचार प्रमाणाबाहेर झाला. जुन्या पुस्तकांत बदामी रंग उत्तम म्हणून सांगितलेला असतो. तो शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातील आहे, आणि तसे पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. हल्लीच्या पेट्रोलवर चांगल्या प्लगचा रंगही त्याहून बराच फिका, मळकट पांढऱ्याकडे झुकणारा दिसतो. तेवढ्यावरून घाबरून पुन्हा जेट बदलण्याचे कारण नाही.